कळा पाठीत आल्या तर: बाळंतपणातली कंबरदुखी हलकी करण्याचे उपाय

"पोटात काहीच नाही हो सिस्टर, पाठच तुटतेय." नाशिक जिल्ह्यात बावीस वर्षं लेबर रूममध्ये काम करताना हे वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकलं. कळ म्हणजे पोटातली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. मग माकडहाडाच्या वर ठणका लागतो, एक कळ ओसरून दुसरी येईपर्यंतही तो पूर्ण जात नाही, आणि पहिलटकरीण घाबरते. सोबतची आई किंवा सासू पाठीवरून हात फिरवत राहते. त्या हातात माया असते, पण अशा दुखण्याला ते फिरवणं पुरत नाही.

मग काय करायचं, हे मला शिकवलं एका सासूबाईंनी. द्राक्षाच्या हंगामात सुरगाण्याकडून दिंडोरीला कामाला आलेलं कुटुंब होतं, सुनेचे दिवस भरलेले. रात्री अकराच्या सुमाराला मी तिला टेबलावर उताणी झोपवून ठोके ऐकले आणि तशीच पडून राहायला सांगितलं. तेव्हा आम्ही सगळ्यांनाच तसं सांगायचो. पुढच्या तीन कळांत ती पोर टेबलाच्या कडेला नखं रोवत होती. सासूबाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. तिला उठवून खिडकीच्या कट्ट्यावर ओणवं टेकवलं, आपला हात कोपरात ताठ केला, तळव्याचा मनगटाकडचा जाड भाग तिच्या कमरेखालच्या हाडावर ठेवला आणि अंगाचा भार टाकला. सून म्हणाली, "जरा खाली... अजून... हां, तिथंच." पुढची कळ तिनं डोळे मिटून, लांब श्वास सोडत काढली. सासूबाईंचा अंगठा द्राक्षमण्यांची विरळणी करून काळा पडला होता, तो मला अजून दिसतो. त्या रात्रीपासून मी बायकांना उताणं पडून राहायला सांगणं सोडलं.

आता मी इंदिरानगरमध्ये गरोदर बायकांचे वर्ग घेते. तिथं सांगते ते सगळं इथं क्रमानं लिहितेय. हे जितकं बाळंत होणारीनं वाचायला हवं, तितकंच तिच्याबरोबर जाणाऱ्या माणसानंही वाचायला हवं.

पाठच का दुखते

बहुतेक बाळं जन्माच्या वेळी डोकं खाली आणि तोंड आईच्या पाठीकडे करून येतात. काहींचं तोंड आईच्या पोटाकडे असतं. मग त्यांच्या डोक्याचा मागचा टणक भाग आईच्या कमरेखालच्या त्रिकोणी हाडावर दाबला जातो. डॉक्टरांच्या कागदावर याला 'ओपी' लिहिलेलं दिसेल. कळा सुरू होताना अशी बाळं बरीच असतात. त्यातली बहुतेक कळांच्या जोरावर आपली आपण फिरतात आणि शेवटपर्यंत तशीच राहणारी साधारण 5 टक्के असतात. म्हणून सोनोग्राफीत 'ओपी' दिसलं तर हाय खाऊ नका. बाळाला अजून फिरायला वेळ असतो. कळा मात्र थोड्या लांबू शकतात, तेवढी मनाची तयारी ठेवा.

बाळ नीट असूनही पाठ दुखू शकते. गर्भाशयाच्या आणि त्याच्या तोंडाच्या नसा मणक्यात ज्या ठिकाणी जाऊन मिळतात, तिथंच कमरेच्या नसाही येतात, त्यामुळे दुखणं आत असलं तरी जाणवतं पाठीत. तेव्हा पाठ दुखतेय म्हणजे बाळ चुकीचंच आहे, असा निष्कर्ष घरी काढू नका.

आठव्या महिन्यातच करून ठेवायचं

कळा सुरू झाल्यावर कुणी काही शिकू शकत नाही. बरोबर जाणाऱ्या माणसाला छत्तिसावा आठवडा लागण्याआधी निदान चार-पाच वेळा सराव करायला लावा.

आधी जागा शोधा. तिला स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन्ही हात टेकवून थोडं पुढं वाकायला सांगा. कमरेच्या खाली, मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे असतात. काहींना ते दिसतात, काहींना बोटांनी चाचपावे लागतात. दोन खळग्यांना जोडणारी रेघ मनात धरा. त्या रेघेपासून खाली, दोन कुल्ल्यांमधली फट सुरू होईपर्यंत तळहाताएवढं सपाट, टणक हाड लागतं. दाब द्यायची जागा हीच. त्याच्या वर कमरेच्या मणक्यावर जोर द्यायचा नाही, आणि खाली माकडहाडाच्या टोकावरही नाही.

त्याच आठवड्यांत दवाखान्यात काही गोष्टी विचारून ठेवा. लेबर रूममध्ये सोबत कुणाला येऊ देतात? कळा चालू असताना चालू-फिरू देतात का? गरम पाणी मिळतं का? वेदनारहित प्रसूतीचं इंजेक्शन देतात का, आणि रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ येतात का? शेवटचा प्रश्न जरूर विचारा. दिवसा असलेली सोय रात्री दोन वाजता असेलच असं नाही.

सोबतीबद्दल सांगायचं तर, सरकारी रुग्णालयांतल्या लेबर रूममध्ये बाळंतिणीजवळ एक सोबतीण असू द्यावी अशी केंद्र सरकारची सूचना 2016 पासून आहे. ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिनं पूर्ण वेळ थांबावं आणि कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा अटी आहेत. जिथं आडोसा नीट आहे तिथं नवऱ्यालाही येऊ देतात. जिल्हा रुग्णालय असो, महापालिकेचं असो की गावचं ग्रामीण रुग्णालय, तपासणीला जाल तेव्हाच सिस्टरना हे नम्रपणे विचारा. ऐन वेळी दारात वाद घालण्यापेक्षा ते बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शनातही मनासारखी सोबत, हालचालीची मोकळीक, मालिश आणि शेक या गोष्टी सांगितलेल्या आहेत. त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

पिशवीत नेहमीच्या सामानाबरोबर हे टाका: रबरी शेकपिशवी, तिला गुंडाळायला जाड पंचा, एका मोज्यात घालून गाठ मारलेले दोन टेनिस बॉल, लाटणं (हसू नका, पुढं सांगते), तिळाच्या तेलाची छोटी बाटली, स्ट्रॉ आणि एक उशी. उशीला रंगीत अभ्रा घाला, म्हणजे ती दवाखान्याच्या उश्यांत मिसळणार नाही.

शेवटच्या महिन्यांत आजीच्या वयाच्या बायका म्हणतात, "ओणवी होऊन फरशी पूस, बाळ फिरेल." अभ्यासांतून एवढंच दिसलंय की अशा व्यायामानं बाळ फिरेलच याची खात्री देता येत नाही. पण हातापायांवर ओणवं झालं की पोटाचं वजन पाठीवरून सुटतं आणि कंबर हलकी होते, हे अगदी खरं आहे. म्हणून रोज पाच-दहा मिनिटं हातगुडघ्यांवर या, श्वास सोडताना पाठ मांजरासारखी वर उचला, श्वास घेताना ती सपाट करा. पाठ खाली झुकू देऊ नका. रक्तस्राव झाला असेल, वार खाली असेल किंवा डॉक्टरांनी आराम सांगितला असेल, तर हा व्यायाम करू नका.

औषधांचं एक महत्त्वाचं. कंबर दुखली की घरातल्या डब्यातली डायक्लोफिनॅक किंवा आयब्रुफेनची गोळी घ्यायची सवय अनेकांना असते. शेवटच्या तीन महिन्यांत या गोळ्या बाळाच्या हृदयाच्या आणि किडनीच्या दृष्टीनं धोक्याच्या असतात. गोळी घ्यायचीच वेळ आली तर डॉक्टरांना फोन करून त्या सांगतील तीच घ्या.

ही कळ आहे की नुसती कंबरदुखी

पोटावर हात ठेवा. कळ आली की पोट कपाळासारखं कडक लागतं, ओसरली की गालासारखं मऊ होतं. पाठदुखी या कडक होण्याबरोबर वाढत असेल, ठरावीक वेळानं येत असेल, आणि झोपलं, चाललं, पाणी प्यायलं तरी थांबत नसेल, तर ती कळ आहे. दिवसभराच्या कामानं आलेली कंबरदुखी कूस बदलली की कमी होते आणि तिला येण्याजाण्याची लय नसते.

वेळ मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत मोजा. पहिली खेप असेल, सगळं सुरळीत असेल आणि दवाखाना जवळ असेल, तर कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येकी मिनिटभर, अशा तासभर आल्या की निघा. दुसरी-तिसरी खेप असेल किंवा घाटरस्ता उतरून यायचं असेल, तर त्याच्या कितीतरी आधी निघा.

पुढच्या गोष्टींत मात्र घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. 37 आठवड्यांच्या आत अशी येत-जात राहणारी पाठदुखी. मधे न थांबणारं दुखणं आणि पोट दगडासारखं घट्ट. अंगावरून लाल जाणं (चिकट, किंचित लालसर स्राव वेगळा, धार वेगळी). पाणी जाणं, आणि ते हिरवट असेल तर एक क्षणही न थांबता. बाळाची हालचाल कमी वाटणं. ताप, थंडी आणि लघवीला जळजळ. खूप डोकं दुखणं किंवा डोळ्यांपुढे चमकणं. पायातली ताकद जाणं किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं.

घरी, कळा सुरू झाल्यावर

रात्र असेल तर झोपायचा प्रयत्न करा. कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी, कमरेला मागून टेकू. अशा कळांत ताकद जपून वापरावी लागते, म्हणून सुरुवातीचे तास येरझाऱ्या घालण्यात संपवू नका.

झोप येत नसेल तर अंघोळ करा. गरम पाण्याची धार कमरेवर पडू द्या. शॉवर नसेल तर प्लास्टिकच्या स्टुलावर पुढं वाकून बसा आणि कुणीतरी मागून तांब्या-तांब्यानं पाणी ओतावं. पाणी कोपर बुडवून सहज सोसेल इतकंच गरम असावं. बाथरूमची कडी आतून लावू नका आणि फरशीवर ओला पंचा अंथरा, म्हणजे पाय घसरणार नाही.

मग अंगाला कुठं आराम वाटतो ते शोधा. खुर्चीवर उलटं बसून पाठीच्या आधारावर डोकं टेकणं. भिंतीला किंवा ओट्याला हात लावून कंबर गोल फिरवणं. दिवाणाशी गुडघ्यावर बसून उशीवर छाती टाकणं. नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून, भार त्याच्यावर सोडून डोलणं. आपल्याकडच्या घरांत हे शेवटचं करायला बायका लाजतात. सासरे बाहेर बसलेत म्हणून खोलीचं दार लावून घ्या, पण करा, कारण उभं राहून पुढं झुकल्यावर बाळाचं डोकं पाठीवरून पुढं सरकायला जागा मिळते. जिना असेल तर कठडा धरून आडव्या पावलानं, एकेक पायरी सावकाश चढा आणि मागून कुणीतरी असू द्या. एका बाजूनं बरं वाटलं तर तीच बाजू जास्त वेळ करा. अर्ध्या तासानं स्थिती बदला.

दर दोन तासांनी लघवीला जा, आली नाही तरी. भरलेल्या मूत्राशयानं पाठ आणखी दुखते. नाचणीची किंवा तांदळाची पेज, मऊ खिचडी, नारळपाणी, लिंबू सरबत थोडं थोडं घेत राहा. सिझर आधीच ठरलं असेल तर खाण्यापिण्याचं डॉक्टरांच्याच सांगण्याप्रमाणे.

दोन गोष्टी कुणालाही करू देऊ नका. पोट चोळणं किंवा वरून दाबणं ही पहिली. कळा वाढवायचं इंजेक्शन घरी घेणं ही दुसरी. अजूनही काही ठिकाणी कुणीतरी सुई घेऊन येतं. त्या औषधानं घरी गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं. कितीही ओळखीचा माणूस असला तरी त्याला परत पाठवा.

रस्त्यात

पाठीच्या कळांत गाडीत ताठ बसवत नाही. मागच्या सीटवर डाव्या कुशीला झुकून बसा, कमरेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी द्या आणि पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांवरून घ्या. पेठकडून सावळघाटानं येणाऱ्यांनी आणि सुरगाणा-त्र्यंबकच्या पाड्यांवरच्यांनी तारखेच्या आधीच नाशिकच्या जवळ एखाद्या नातलगाकडे मुक्काम हलवता आला तर फार बरं. गरोदर बाईला नेण्यासाठी 102 आणि तातडीसाठी 108, हे दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येक फोनमध्ये ठेवा. शहरात द्वारकेच्या चौकातली संध्याकाळची कोंडी टाळणारा दुसरा रस्ता एकदा गाडी नेऊन पाहून ठेवा. आणि 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सिंहस्थाच्या पर्वण्यांच्या दिवसांत तारीख येणाऱ्यांनी, विशेषतः पंचवटीकडच्यांनी, हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा. त्या दिवसांत रस्ते बंद असतात.

हातांचं काम

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. याला पैसा लागत नाही आणि दुष्परिणामही नाही.

पहिला प्रकार, सरळ दाब. ती पुढं झुकलेली किंवा कुशीवर. तुम्ही तिच्या मागं, एक पाय पुढं एक मागं. एक हात तिच्या पुढच्या खुब्याच्या हाडावर धरा, म्हणजे ती ढकलली जाणार नाही. दुसऱ्या हाताच्या तळव्याचा मनगटाकडचा भाग आधी शोधून ठेवलेल्या सपाट हाडावर ठेवा. कोपर ताठ. कळ सुरू होताना ती "आली" म्हणेल, तेव्हाच दाब सुरू करा. कळ ऐन भरात आल्यावर लावलेला दाब उशिरा पोचतो. जोर मनगटातून काढू नका, पुढच्या पायावर वजन टाकून अंगाचा भार येऊ द्या, नाहीतर चार कळांत हात भरून येतात. दाब एकाच जागी, एकसारखा. गोल गोल चोळायचं नाही, ठोकायचं नाही. कळ ओसरेपर्यंत धरून ठेवा आणि हळूहळू सोडा, झटकन काढून घेऊ नका.

किती जोरात? तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट. नवरे घाबरून हलका हात ठेवतात आणि बायको ओरडते, "दाब ना!" ती "बस" म्हणेपर्यंत वाढवत जा. तिचा शब्द शेवटचा. बाळ खाली सरकत गेलं की दुखायची जागाही खाली सरकते, म्हणून दर थोड्या वेळानं "वर की खाली?" एवढंच विचारा. कळेच्या मधे जास्त बोलायला लावू नका.

हात थकला तर मूठ लावा, किंवा मोज्यातले दोन टेनिस बॉल मणक्याच्या दोन्ही बाजूंना येतील असे ठेवून त्यावर तळवा दाबा. भिंतीशी उभी राहून ती स्वतःसुद्धा बॉल पाठीमागं धरून भार देऊ शकते. लाटणं कळांच्या मधल्या वेळात वापरायचं. पंच्यात गुंडाळून कमरेखालच्या भागावर वर-खाली फिरवा. तेलही याच मधल्या वेळात. दाब देताना हात कोरडा हवा, तेलानं तो सटकतो.

दुसरा प्रकार, दोन्ही कुल्ले दोन तळव्यांत धरून आत दाबणं. ती हातगुडघ्यांवर, तुम्ही मागं. कमरेच्या हाडाच्या कडेपासून थोडं खाली, कुल्ल्याच्या जाड मांसल भागावर दोन्ही तळवे ठेवा, बोटं पाठीच्या मध्याकडे. दोन्ही हात एकमेकांकडे आणि किंचित वर असे दाबा, जणू गव्हाची भरलेली गोणी दोन्ही बाजूंनी उचलायची आहे. मागच्या सांध्यांवरचा ताण यानं सैल होतो. दोन माणसं असतील तर एकानं सरळ दाब आणि एकानं हा, असं वाटून घ्या.

तिसरा, गुडघ्यांवरून. ती चांगल्या खुर्चीत पाठ टेकून बसलेली, तळपाय जमिनीला टेकलेले, गुडघ्यांत वीतभर अंतर. तुम्ही समोर बसा, दोन्ही तळवे तिच्या गुडघ्यांच्या जरा खाली नडगीवर ठेवा आणि सरळ तिच्या कमरेच्या दिशेनं ढकला. ढकलणं दिसत नाही पण तिला पाठीत ते जाणवतं. ओणवं होऊन कंटाळलेल्या बाईला याचा फार उपयोग होतो.

आणि श्वास. सोबतीणीनं स्वतः लांब, आवाज करत श्वास सोडावा. "श्वास घे, श्वास घे" म्हणत बसण्यापेक्षा तुमचा श्वास ऐकून तिचा आपोआप लांबतो. दात आवळले की खालचं सगळंच आवळतं, म्हणून जबडा सैल ठेवायला लावा. आवाज काढावासा वाटला तर खालच्या सुरात काढू द्या. "ओरडू नको, लोक काय म्हणतील" हे वाक्य त्या खोलीत कुणी बोलू नये, ही माझी हात जोडून विनंती.

शेक आणि गार

शेकपिशवी दोन तृतीयांश भरा, वरची हवा दाबून काढा, पंच्यात गुंडाळा आणि आधी स्वतःच्या मनगटावर धरून पाहा. कमरेखाली पंधरा-वीस मिनिटं, मग थोडी विश्रांती. बाम चोळलेल्या कातडीवर शेक नको, पोळतं. ताप असेल तर नको. कमरेतून बधिर करणारं इंजेक्शन दिलं असेल तर अजिबात नको, कारण तिला चटका कळणारच नाही. काहींना शेकापेक्षा गार जास्त आवडतं, विशेषतः शेवटी शेवटी. गार पाण्याची बाटली कापडात गुंडाळून त्याच जागेवर फिरवा. निफाडकडच्या डिसेंबरात कुणी गार मागेल असं वाटत नाही, पण मागितलेलं मी पाहिलंय.

लेबर रूममध्ये

ठोके पाहायला पट्टा लावला की बायका उताण्या पडून राहतात, आणि या दुखण्यात उताणं पडणं सगळ्यात त्रासाचं. पट्टा कुशीवर किंवा बसूनही लावता येतो का, एवढं सिस्टरना विचारा. कॉटचा डोक्याकडचा भाग उंच करून तिला उलटं, गुडघ्यांवर बसवून वर टेकू देता येतं. आतली तपासणी मात्र पाठीवरच करू द्या, दोन मिनिटांचं काम असतं. आणि डॉक्टर एखादी स्थिती नको म्हणाल्या, तर कारण विचारा आणि ऐका. बाळाचे ठोके कमी होत असतील तर तिथं आपली आवड बाजूला.

गर्भाशयाचं तोंड उघडायला वेळ लागतोय असं ऐकलं तर खचू नका. खऱ्या अर्थानं वेगानं कळा धरतात त्या साधारण 5 सेंटीमीटरनंतर. त्याआधीचे तास पाठीच्या कळांत फार लांब वाटतात.

औषधानं वेदना कमी करायची असेल तर

कमरेत नळी घालून देतात ते एपिड्युरल सगळ्यात परिणामकारक. मणक्यांच्या मधून बारीक नळी आत सरकवतात, औषध सोडल्यावर पंधरा-वीस मिनिटांत दुखणं उतरतं. रक्तदाब उतरू शकतो म्हणून लक्ष ठेवतात, लघवीसाठी नळी लागू शकते, जोर देण्याचा टप्पा थोडा लांबू शकतो. सिझरची शक्यता यानं वाढत नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा प्लेटलेट फार कमी असतील तर ते देत नाहीत, म्हणून आधी रिपोर्ट दाखवून ठेवा. "कमरेत सुई घेतली की जन्मभर पाठ धरते" हे वाक्य नाशिकच्या प्रत्येक डोहाळजेवणात ऐकू येतं. टोचलेली जागा काही दिवस दुखते, पण कायमची पाठदुखी त्यामुळे जडते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. बाळंतपणानंतरची पाठदुखी सुई न घेतलेल्यांनाही होतेच.

याशिवाय एक कमी ऐकिवातला उपाय आहे. कमरेखालच्या चार ठिकाणी कातडीत निर्जंतुक पाण्याचे अगदी छोटे थेंब टोचतात. अर्धा मिनिट गांधील चावल्यासारखी आग होते आणि मग पाठीचं दुखणं दीड-दोन तास उतरू शकतं. आपल्याकडे हे फार ठिकाणी करत नाहीत, पण विचारायला हरकत नाही. शिकलेल्या माणसानंच करावं. दंडात किंवा शिरेत देतात त्या वेदनाशामक इंजेक्शनांनी गुंगी येते आणि बाळंतपणाच्या अगदी जवळ दिली तर बाळालाही सुस्ती येऊ शकते.

कुणी औषध मागितलं तर तिनं हार मानली असं समजू नका. पाठीच्या कळा वीस तास सोसलेल्या बाईला तो निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा.

जोर द्यायची वेळ

या टप्प्यात पाठ दुखत असेल तर कुशीवर झोपून, वरचा पाय सोबतीणीनं धरून जोर देता येतो. काहींना हातगुडघ्यांवर सोपं जातं. टेबलावर पाय अडकवूनच करायचं असेल, तर निदान पाठीकडचा भाग उंच करून घ्या. हनुवटी छातीकडे, जोर खाली, शौचाला बसताना देतो तसा. बाळ पोटाकडे तोंड करूनच येत असेल तर वेळ जास्त लागतो, कधी व्हॅक्यूम किंवा चिमटा लागतो, कधी सिझर. त्यात तुमची किंवा तुमच्या हातांची चूक नसते.

बाळ आल्यानंतर

कळांची पाठदुखी बाळ बाहेर आलं की बहुतेकींची त्याच क्षणी जाते. राहतो तो स्नायूंचा आखडलेपणा. दूध पाजताना बाळाकडे वाकू नका, मांडीवर उशी घेऊन बाळाला छातीपर्यंत आणा, कमरेला टेकू द्या. माकडहाड दुखत असेल तर मऊ, मधे पोकळी असलेल्या गादीवर बसा. बाळंतिणीला शेक द्यायची आपली रीत चांगली आहे, फक्त बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. त्या विषारी वायूला वास नसतो आणि आईच्या शेजारी बाळ झोपलेलं असतं. शेकपिशवीनंही तोच आराम मिळतो.

बसल्यावर वाढणारं आणि आडवं पडल्यावर थांबणारं डोकं सुईनंतर दुखू लागलं, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा आला, ताप आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी दाखवा. नुसती कंबर सहा आठवड्यांनंतरही धरत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे एकदा जा. आणि तुमच्या पाठीवर ज्यांनी रात्रभर हात ठेवला, त्यांच्या मनगटांना दुसऱ्या दिवशी कोमट तेल लावून द्यायला घरातल्या कुणाला तरी सांगा. ती मनगटं चांगली सुजलेली असतात.